उकडलेल्या वालाचं पीक

हिरामणला नारपोलीच्या पुढची भरावाची जमीन गोदामासाठी विकायची, तर ताईची सही हवी होती. ताई म्हणाली, "यंदा वाल लावू. नाय आला, तर सही करीन. आला, तर जमीन ठेवायची."

हिरामणने लगेच हो म्हटलं. वडिलांच्या शेतावर गुडघाभर राडारोडा त्यानेच ओतून घेतला होता. तिथं गवतसुद्धा नाखुशीने उगवायचं. तरी माणूस व्यवहारी. पेरणीआधी त्याने बियाणं गुपचूप उकडून गच्चीवर वाळवलं.

"सुरकुतलाय रे वाल," ताई म्हणाली.

"जुना हाय."

ताईची मृणाली शेतकी शिकलेली. तिने जिवाणूंची काळी पूड गूळपाण्यात कालवून बियांना चोळली. "मामा, हे मुळांवर गाठी करून राहतात. हवेतला नत्र धरून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं."

"म्हणजे भाडं," हिरामण म्हणाला. गोदामांच्या गावात निसर्ग असाच समजतो.

वाल आला. नुसता आला नाही, माजला. मृणालीने एक रोप उपटलं. मूळ अर्ध्यातच तुटलं. तिने गाठ नखाने फोडली, आत लाल.

"लाल म्हणजे जिवाणू कामाला लागले! आपल्या रक्तात लाल असतं ना, त्याच्याच जातीचं द्रव्य हे."

ताईने हात जोडले. उकडलेलं बी उगवत नाही, हे सांगायची हिरामणला सोय नव्हती.

मायलेकी घरी गेल्यावर त्याने कुदळ घेतली. वरच त्याचं उकडलेलं बी सापडलं, कुजलेलं, कोंबाशिवाय. वेल त्याला वळसा घालून खाली गेला होता. विटा, सिमेंट, लूमचं सूत यांतून वाट काढत. भराव संपला, वडिलांची काळी माती लागली, तरी तो खालीच चाललेला. गाठी बोरांएवढ्या झाल्या, मग मुठीएवढ्या. हिरामणने एक हातात धरली. कोमट होती. त्याने दाबली. तिनेही आतून दाबलं.

त्याने खड्डा बुजवला, आणि माती अदबीने थोपटली.

तेवढ्यात गोदामवाल्याचा फोन. "हिरामणशेठ, सही कब होगी?"

"नाय होणार. जमीन रिकामी नाय."

"कौन बैठा है उधर?"

हिरामणने वर पाहिलं. वारा नव्हता. ऊन पानांच्या मागच्या बाजूला होतं, आणि शेतातलं पानन् पान त्याच्याकडे तोंड करून होतं.

"घरचेच हायत," तो म्हणाला.