खोडलेले ‘नाही’

मित्रांनो, माणसांच्या पोटातले जिथे ओठांवर येते, त्या खोलीतली मी एक जुनी खुर्ची. एका सुताराने मला सागवानातून घडवले आणि त्याच्या बायकोने माझी बैठक वेताने विणली. गुप्त कामावर घेण्याआधी माणसांची चौकशी करणारे एक कार्यालय आहे. तिथे उमेदवाराची खुर्ची म्हणून मला जागा मिळाली. “काय ऐसपैस खुर्ची आहे!” असे सुरुवातीला सगळे म्हणत. पुढे माझा वेत सैल पडला, पॉलिश उडाले आणि माझ्याकडे कुणी वळूनही बघेना. पण बसणाऱ्याच्या मनात काय चालले आहे, हे मला त्याच्या बसण्यावरून कळू लागले.

एके सकाळी एक मुलगी येऊन बसली आणि मी हादरलेच! तिचे गुडघे हलायचे थांबतच नव्हते. ती रेडिओ दुरुस्त करणारी कारागीर. उपग्रहांशी संपर्क ठेवणाऱ्या केंद्रात तिची निवड झाली होती. फक्त या कार्यालयाची परवानगी बाकी होती. शाळेत असल्यापासून तिला हेच काम हवे होते.

समोर चौकशी अधिकारी बाई होत्या. त्यांनी अर्ज उघडला, पेनाचे टोपण काढले. आता पहिला प्रश्न येणार, तोच मुलगी म्हणाली, “मॅडम, थांबा. मी अर्जात खोटं लिहिलंय.”

मला श्वास असता तर तो तिथेच अडकला असता!

“कुठे?” बाईंनी विचारले.

“नवव्या रकान्यात. कधी शिक्षा झाली होती का, तिथे मी ‘नाही’ लिहिलं. झाली होती. शिकत असताना मैत्रिणीचं ओळखपत्र दाखवून मी बंद प्रयोगशाळेत शिरले होते. नवं यंत्र बघायचं होतं ना! महिनाभर वर्गाबाहेर काढलं मला. दादा म्हणाला, सात वर्षांपूर्वीची मढी कशाला उकरतेस? पण सही मी केलीय, दादाने नाही.”

बाईंनी दुसरी फाईल पुढे सरकवली. त्यात त्याच शिक्षेचे पत्र होते, शिक्क्यासकट!

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“चार दिवसांपासून. एकोणिसाव्या वर्षीचा आगाऊपणा आम्ही समजून घेतो हो. पण जे तुम्ही लपवता, ते हाती लागलं की कुणीही तुम्हाला नाचवू शकतो. ते ‘नाही’ खोडा आणि सगळं सविस्तर लिहा. मात्र आधी खोटं लिहिलं होतं, हे मला वरिष्ठांना कळवावं लागेल. निर्णय माझ्या एकटीचा नाही.”

“कळवा,” ती म्हणाली. आणि काय सांगू मित्रांनो, तिचे गुडघे एकदम शांत झाले! तिने दोन पाने भरून लिहिले.

पाच आठवडे माझे सगळे लक्ष दाराकडे होते. मग एका दुपारी ती धावतच आत आली. “मॅडम, मिळाली! वर्षभर देखरेखीखाली राहायचंय, पण परवानगी मिळाली!”

मागून तिचा दादा आला आणि अवघडून माझ्यावर टेकला. “मॅडम, तिला गप्प बस म्हणून मीच सांगितलं होतं. माझंही नाव लिहून घ्या.”

“ते तिने केव्हाच लिहिलंय,” बाई हसत म्हणाल्या. “दुसऱ्या पानावर, ठळक अक्षरात!”

मित्रांनो, असा अर्ज कधीतरी तुमच्याही हाती येईल. झालेली चूक पहिल्याच फटक्यात लिहून टाका. आणि ज्या खुर्चीवर बसून लिहाल, जाताना तिच्यावरून एकदा फडके फिरवा. तेवढा वेळ तुमचा सगळा भार तिनेच पेललेला असतो.