खोली चार: आवाज नाही

शाळा सुटल्याची घंटा ऐकून तुम्ही उड्या मारत पळता ना, मित्रांनो? ती माझी चुलत बहीण. नशीबवान आहे बिचारी. मी तिच्याहून म्हातारी, ठेंगणी आणि तोंडाने फटकळ अशी पितळेची घंटा आहे, आणि माझा आवाज ऐकून आजवर कोणीही आनंदाने उडी मारलेली नाही. माझ्यामुळे एकच बाई धावायची. ती का धावायची आणि तिला मध्येच का थांबवले, हे सांगायला मी आज तोंड उघडते आहे. मी चिडलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते. गोड बोलणाऱ्यांनी आमचे काय भले केले, ते मी पाहिले आहे.

माझा जन्म ओताऱ्याच्या भट्टीत झाला. नळाच्या मोडक्या तोट्या, एक चेपलेले पातेले आणि दाराच्या बिजागऱ्या वितळवून त्याने मला ओतले. तेव्हा कुळाचा तोरा मी मिरवू शकत नाही. ओताऱ्याने मला दोनदा वाजवून पाहिले आणि म्हणाला, आवाज काही गोड नाही, पण झोपलेला माणूस उठेल खास. ही माझी पहिली आणि जवळजवळ शेवटची स्तुती.

आमचे गाव देखणे होते, हीच त्याची चूक झाली. शहरातल्या लोकांना इथली हवा आवडली. त्यांनी एकेक करून घरे विकत घेतली, रंगवली, कुलपे लावली आणि निघून गेले. वर्षातून पंधरा दिवस ती घरे उघडतात. बाकीचे दिवस तिथे कोळी जाळी विणत बसतात. कोळ्यांना चार खोल्यांचे घर आणि गावातल्या म्हाताऱ्यांना मात्र दारोदार फिरण्याची पाळी. सांगा, राग येणार नाही तर काय होईल?

अशीच पाळी दाईमावशीवर आली. ही गावाची सुईण. गावातली निम्मी माणसे तिच्याच हातांवर पहिल्यांदा रडली. तीस वर्षे ती भाड्याच्या एका खोलीत राहिली. मालक वारला, मुलाने घर विकले, आणि एके सकाळी मावशीची ट्रंक, स्टोव्ह आणि गादी रस्त्यावर आली. जिला गावातल्या प्रत्येक घराची आतली खोली ठाऊक, तिला स्वतःची म्हणून एक खोली नव्हती. गावाला लाज वाटली. लाज वाटणारे गाव होते म्हणून बरे.

मग वीटभट्टीच्या पडीक जागेवर सहा खोल्या उठल्या. भाडे परवडेल एवढेच. दारे रुंद, उंबरठे नाहीत, न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडे. खोल्या सरकारी कार्यालयाच्या ताब्यात, पण राहणारी माणसे गावचीच. सातवी खोली देखरेखीच्या ताईंची. त्यांच्या खाटेच्या वर, भिंतीवर, मला टांगले. सहाही खोल्यांतून एकेक दोरी वळचणीखालून माझ्यापर्यंत आणली आणि प्रत्येक दोरीला आकडा कोरलेली लाकडी चकती बांधली. कोणी दोरी ओढली की मी वाजायची आणि त्या खोलीची चकती नाचायची. ताईंनी फक्त वर पाहायचे आणि पळत सुटायचे.

तिसऱ्या खोलीत शिंपीकाका आले. शिलाईमशीनने त्यांचे कान खाल्ले होते, पण जीभ शाबूत होती. चौथ्या खोलीत दाईमावशी आली आणि आल्या आल्या तिने आपली दोरी गुंडाळून उंच खिळ्याला अडकवून टाकली. माझ्यापर्यंत तिचा हात पोचू नये, अशी तजवीज! मला भारी राग आला. ताईंनी विचारले, तर म्हणाली, "आयुष्यभर मला लोकांनी हाका मारल्या, मी धावले. आता म्हातारपणी मी हाका मारू? जमायचं नाही."

ताई हट्टाला पेटल्या नाहीत. त्या खाली बसल्या, मावशीच्या भाजीतल्या शेंगा सोलू लागल्या आणि सोलता सोलता म्हणाल्या की हाक मारू नका, फक्त खबर द्या. सकाळी उठलात की दोरीला एक हिसका. मी उठले, एवढेच. हिसका आला नाही, तर मी येऊन बघेन. मावशीचे हात थांबले.

"हे खरं बोललीस, पोरी," ती म्हणाली. "बाळ रडलं की सुईणीला घोर नसतो. गप्प राहिलं, की धावायचं."

तिने स्वतः स्टुलावर चढून दोरी खिळ्यावरून काढली. ताईंनी स्टूल धरले आणि चांगले दोन शब्द सुनावलेही, या वयात चढता काय म्हणून.

त्या दिवसापासून आमच्याकडे नवी रीत पडली. सकाळी सहा ते सातच्या दरम्यान सहा टोले पडायचे. पहिला नेहमी मावशीचा, कारण सुईणीला पहाटेची सवय. शेवटचा शिंपीकाकांचा, तोही असा आळसावलेला की मी नुसती खोकायची. सहावा टोला पडला की ताई चहा ठेवायच्या. ती सहा टोल्यांची सकाळ म्हणजे माझ्या आयुष्याचा सुखाचा काळ.

एकदा सात वाजून गेले आणि टोले पाचच झाले. तीनची चकती हलेना. ताईंनी उकळता चहा तसाच सोडला आणि अनवाणी धावल्या. काका खाटेखाली पडले होते, तोंड वाकडे, अर्धे अंग लुळे. ताईंनी दुधाची गाडी अडवून त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर गेला असता तर कठीण होते. काका कुबडी घेऊन परत आले आणि सगळ्यांना सांगत सुटले, "मी आळशी म्हणून वाचलो. वेळेवर दोरी ओढली असती आणि मग पडलो असतो, तर कोण आलं असतं?" गाव हसले. मी नाही हसले. मला अभिमान वाटत होता.

आता ताईंच्या चुकीबद्दल सांगते. माझी लाडकी असली तरी चूक ती चूक. कार्यालयाने त्यांना एक वही दिली होती. मदतीसाठी घंटा वाजली की नोंद करायची. सकाळचे टोले ताईंनी कधी लिहिले नाहीत, कारण ती मदत नव्हती, खबर होती. काकांचे पडणेही लिहिले नाही, कारण त्या दिवशी तीनची घंटा वाजलीच नव्हती! आणि वहीत नोंदी कमी, म्हणजे आपले काम चोख, असे त्या भोळ्या बाईला वाटायचे. कोरी पाने बघून त्या खूश व्हायच्या.

मग एक दिवस कार्यालयातले साहेब आले. बोलायला इतके गोड की मुंग्या लागाव्यात. त्यांनी बूट काढले, पाणी मागितले, माझ्याकडे बघून 'वा, जुनी वस्तू' म्हणाले आणि वही उघडली. वर्षभरात अकरा नोंदी. साहेबांनी पुन्हा मोजल्या. अकराच.

"अकरा वेळा वाजणाऱ्या घंटेसाठी एक माणूस बारा महिने?" ते हसून म्हणाले. "तुमची माणसं तर ठणठणीत आहेत, ताई."

ताईंनी समजावण्याचा प्रयत्न केला. सहा टोले सांगितले, काका सांगितले, शेंगा सोलतानाचे बोलणेसुद्धा सांगितले. साहेब मान हलवत राहिले आणि म्हणाले, हे वहीत कुठे आहे? उंटावरून शेळ्या हाकणारे मी ऐकले होते, त्या दिवशी पाहिले. महिनाभरात ताईंची बदली झाली. प्रत्येक खोलीत एक छापील कार्ड आले, त्यावर शहरातल्या कचेरीचा फोन नंबर. अडचण आल्यास संपर्क साधावा, म्हणे. सातव्या खोलीला कुलूप लागले. आत मी.

मित्रांनो, इथून पुढचे सांगताना माझी जीभ जड होते. ताई गेल्या, पण सवय गेली नाही. सकाळी सहा हिसके येतच राहिले. बंद खोलीत, बंद खिडक्यांत मी वाजत राहिले आणि धुळीशिवाय कोणी ऐकत नव्हते. बाहेर आवाज पोचत नाही, हे बिचाऱ्यांना ठाऊक होते. तरीही ओढायचे. मावशी तर न चुकता पहिली.

थंडीतली एक सकाळ होती. धुके दाट, सगळ्यांची दारे घट्ट बंद. पहिला हिसका आला, तो दोनचा. मी दचकले. मग एक, पाच, सहा आणि सर्वांत शेवटी काकांचा आळशी हिसका. पाच. चारची चकती स्थिर होती.

जगात त्या घडीला हे फक्त मला माहीत होते. आणि मी घंटा आहे. कोणी ओढल्याशिवाय मला स्वतःहून वाजता येत नाही! मला तळपाय नाहीत, नाहीतर तळपायाची आग मस्तकात गेली असती. माझ्या अंगात आवाज ठासून भरला होता आणि मी मुकी लटकत होते. आठ वाजले. दुपार झाली. दुसऱ्या सकाळी पुन्हा पाचच आले.

त्या दिवशी उन्हे वर आल्यावर टपालवाला मावशीचे पत्र द्यायला आला. दार उघडेना, म्हणून त्याने खिडकीतून पाहिले. मावशी स्टोव्हजवळ पडली होती, खुब्याचे हाड मोडलेले. दोरी खाटेपाशी, कार्ड भिंतीवर, फोन टेबलावर. सगळे तिच्यापासून चार हात लांब. जिवंत होती. टपालवाल्याच्या जन्माला हीच सुईण होती. त्याने दार तोडले आणि तिला उचलून नेले, तेव्हा ती त्याला म्हणाली, "रडू नको. रडायचं ते तेव्हाच रडलास."

हाड जुळले, पण कार्यालयाने कागद काढला: सदर महिला एकटी राहण्यास असमर्थ. तिला शहरातल्या मोठ्या आश्रमात हलवले. चार तासांचा रस्ता, दुसरा मजला, एका दालनात चाळीस खाटा. एकटी राहण्यास असमर्थ! अरे, एकटे कोणी केले तिला? रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

गाव मात्र पेटले. शिंपीकाका कुबडी टेकत कार्यालयात गेले, त्यांच्यामागे मावशीच्या हातची पन्नासेक बाळे, कोणी टकले तर कोणी नातवंडे कडेवर घेतलेली. तीन दिवस ती सगळी साहेबांच्या दारात बसून राहिली. काही उपयोग होतो अशा बसण्याचा. आठ महिन्यांनी ताई परत आल्या. बैल गेला नि झोपा केला, पण निदान केला.

ताईंनी कुलूप काढले, पहिल्यांदा माझ्यावरची धूळ पुसली आणि मग माझ्याखाली बसून खूप रडल्या. चारची चकती बोटाने धरून त्या म्हणाल्या, त्या दिवशी ही हलली नसणार आणि बघायला मी नव्हते.

आणि मावशी? ताई परतल्या, खोली रिकामी, मावशीला यायचे आहे. सरळ हिशेब. पण कार्यालयाचे म्हणणे, खोली एकदा सुटली की नव्याने अर्ज करायचा, आणि अर्जांच्या रांगेत तिचा नंबर एकोणिसावा. शिवाय असमर्थ असल्याचा कागद आहेच. ताई तिला भेटून आल्या. तिथे उशाशी बटण आहे, पण ती दाबत नाही. सकाळी जाग आली की तिचा हात वर जातो आणि हवेतच एक हिसका देतो. तो टोला माझ्यापर्यंत येत नाही, मित्रांनो. चार तासांची दोरी कोणी बांधली नाही.

परवा साहेब पुन्हा आले. तेच गोड हसू. वही मागितली. ताईंनी एक नाही, तीन वह्या पुढे ठेवल्या. आता त्या सगळे लिहितात. रोजची तारीख, रोजचे टोले. साहेबांनी पहिले पान वाचले. खोली एक, आवाज आला. खोली दोन, आवाज आला. खोली तीन, उशिरा आला. खोली चार, आवाज नाही. त्यांनी पान उलटले. खोली चार, आवाज नाही. आणखी दहा पाने उलटली. सगळीकडे तेच.

"अहो, ती खोली रिकामी आहे," साहेब म्हणाले. हसू जरा ओसरले होते. "रोज कशाला लिहिता?"

ताई उभ्याच होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "आवाज आला नाही की धावायचं, असं आमचं ठरलंय साहेब. मी रोज त्या पानावरून तुमच्याकडेच धावतेय. तुम्ही दार कधी उघडता, तेवढं सांगा."

साहेबांनी बूट घातले आणि पहिल्यांदाच वही वाचायला सोबत घेऊन गेले. ताईंनी लगेच नवी वही काढली.

मी अजून चिडलेलीच आहे. मावशी परत येईपर्यंत माझा राग उतरायचा नाही. तुम्ही मोठे व्हाल, कोणी साहेब होईल, कोणी ताई. तेव्हा मला पितळ घासायची पूड लावून चकचकीत केले नाही तरी चालेल. पण कोणाची घंटा किती वेळा वाजली, हे मोजत बसू नका. तुमच्या आसपास रोज सकाळी दार उघडणारे एखादे म्हातारे माणूस असेल. एखाद्या दिवशी ते दार उघडले नाही, तर आधी धावा. वहीत नंतर लिहा.

आज सकाळीही पाचच टोले पडले. ताईंनी चहा ठेवलेला नाही. त्या वर, चारच्या चकतीकडे बघत उभ्या आहेत.