लाइट आली की निघणारी पुस्तिका

बोडीटोल्याच्या मच्छीमार सोसायटीत एक कॉम्प्युटर आहे, ही गोष्ट २००७ साली सिंदेवाही तालुक्यातही फारशी कोणाला ठाऊक नव्हती. बांगलादेशातल्या एका प्राध्यापकाला मात्र ठाऊक होती. तो त्या कॉम्प्युटरवर तयार झालेला ‘बोटुकली’ नावाचा प्रोग्राम वापरायचा.

बोटुकली म्हणजे बोटाएवढं झालेलं माशाचं पिल्लू. तळ्याचा पसारा किती, पाणी किती खोल, एवढं सांगितलं की त्यात किती बोटुकल्या सोडायच्या हे तो प्रोग्राम सांगायचा. तो लिहिला होता स्वप्निल नागापुरेनं. पोरगा सोसायटीच्याच एका सभासदाचा. नागपूरला शिकला आणि गावी परत आला. गाव अजून त्याच्याकडे संशयानं पाहत होतं, कारण शिकून परत येण्यासारखं गावात काय आहे हे गावाला माहीत होतं.

बोटुकली ओपन सोर्स होता. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा, वापरावा, बदलावा. सोसायटीचे अध्यक्ष गुणवंतराव दिघोरे यांना हे समजावताना स्वप्निलची एक पूर्ण दुपार गेली होती.

“फुकट?” गुणवंतरावांनी विचारलं.

“हो, भाऊ.”

“मंग कोणी चोरून काऊन नाई नेत?”

“न्यावा म्हणूनच ठेवला ना, भाऊ.”

“अन् नेला तं आपला जाते?”

“नाई. आपला आपल्यापाशीच राहते.”

गुणवंतरावांनी तळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “मासा असा पायजे होता.”

प्राध्यापकाची तक्रार एकच होती. प्रोग्राम उत्तम, पण त्याची माहितीपुस्तिका जुनी. प्रोग्राम दर आठवड्याला बदलायचा आणि पुस्तिका जागची हलायची नाही. पुस्तिकेतलं बटण प्रोग्राममध्ये सापडत नसे, प्रोग्राममधलं पुस्तिकेत. यावर तोड काढली जाहिद शेखनं. जाहिदचा सिंदेवाहीला बसस्टँडमागे सायबर कॅफे होता. गिऱ्हाईक नसलं की तो दुसऱ्यांचे प्रश्न सोडवायचा, आणि गिऱ्हाईक सहसा नसायचंच.

“पुस्तिका तू लिहूच नको यार,” जाहिद म्हणाला. “कोडच्या बाजूला टिपा लिहितो ना तू? मशीन त्याच टिपा उचलंल, पुस्तिका बनवंल, फोन लावून वेबसाइटवर चढवंल. अपने आप. तू फक्त झोप.”

बाकीच्या जगात अशी कामं घड्याळ लावून होतात. बोडीटोल्यात घड्याळ लावून काही होत नव्हतं, कारण दिवसातले बारा तास लोडशेडिंग, आणि ते बारा कोणते याबद्दल मतभेद. म्हणून जाहिदनं व्यवस्था अशी केली की लाइट आली की मशीन आपोआप सुरू व्हावं, आणि सुरू झालं की पहिलं काम पुस्तिकेचं करावं. गुणवंतरावांनी आपली एक अट घातली: मजकूर बदलला असेल तर एक प्रत कागदावरही छापली गेली पाहिजे. जी गोष्ट खिळ्याला अडकवता येत नाही ती झाली असं ते मानत नसत.

वारा सुटला की लाइट ये-जा करायची. एका वादळी दिवशी पुस्तिकेच्या अकरा आवृत्त्या निघाल्या. एवढा तळमळीनं चालणारा प्रकल्प आपण आशिया खंडात पाहिला नाही, असं प्राध्यापकानं पत्र पाठवून कळवलं.

पुस्तिकेत दोष म्हणावा तर एवढाच होता. स्वप्निल कामाच्या टिपा इंग्रजीत लिही आणि मनातलं मराठीत. पुस्तिका बनवताना मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती, तेव्हा त्या जागी रिकामे चौकोन छापले जात. ओळीच्या ओळी चौकोन. प्राध्यापकाला ती नक्षी वाटली. गुणवंतरावांनाही आवडली होती; साडीच्या काठासारखी दिसते, म्हणाले. आपलं मनातलं चौकोनांत सुरक्षित आहे हे कळल्यावर स्वप्निल जास्तच मोकळेपणानं लिहू लागला.

इकडे सोसायटीचे सचिव केवळराम यांनी ठराव आणला होता की कॉम्प्युटर आणि फोन सोसायटीच्या खोलीतून काढावेत आणि तिथं जाळी अन् ढेपेची पोती ठेवावीत. जाळी उंदीर कुरतडत होते, हे खरंही होतं. “तो डबा जागा खाते अन् मासा देत नाई,” असं केवळराम पारावर सांगत फिरायचे. बुधवारी तीन वाजता सभा होती. सभासदांचं मत अध्यक्ष जिकडे तिकडे. गुणवंतराव राहू द्या म्हणाले तर बोटुकली राहणार, काढा म्हणाले तर संपली. स्वप्निलकडे दुसरा कॉम्प्युटर नव्हता, घेण्याची ऐपत नव्हती, आणि तीन वर्षांचं काम पिशवीत घालून कुठं न्यावं हे त्याला कळत नव्हतं. सोमवारपासून तो गुणवंतरावांना दिसेल तिथं नमस्कार घालत होता. बुधवारी सकाळच्या गाडीनं अध्यक्ष चंद्रपूरला मत्स्य कार्यालयात गेले तेव्हा तर त्यांची पिशवीसुद्धा त्यानंच एस.टी.त चढवली. सोसायटीच्या खोलीची एकुलती एक किल्ली त्यांच्या करदोट्याला होती, तीही त्यांच्याबरोबर गेली.

दुपारी साडेबाराला जाहिद लुनावरून आला. चेहरा ईदचा.

“भाई, चौकोन गेले!”

“म्हणजे?”

“काल संध्याकाळी तुह्या मशीनवर फॉन्ट बसवला. सगळी सेटिंग केली. आता मराठी एकदम साफ छापंल. एक-एक काना-मात्रा. म्हटलं आज मीटिंग आहे, अध्यक्षावर इंप्रेशन पडंल.”

स्वप्निल खाटेवर बसला. मग उभा राहिला. मग पुन्हा बसला.

“जाहिद,” तो म्हणाला, “मी त्यात अध्यक्षाबद्दल लिवलं हाये.”

“चांगलंच लिहिलं असंल ना?”

स्वप्निल लुनावर मागं जाऊन बसला. जाहिदनं लुना वळवली.

हिशेब सोपा होता. त्या आठवड्यात लाइट रात्री दोनला जाई आणि दुपारी दोनला येई. आली की मशीन सुरू होणार, पुस्तिका वेबसाइटवर जाणार, आणि मजकूर बदललेला, म्हणून प्रतही छापली जाणार. तीनला अध्यक्ष कुलूप उघडणार आणि समोर प्रत. मीटर खोलीच्या आत. फोनची तार तोडावी तर तीच तार पुढं अध्यक्षांच्या घरी गेलेली. उपाय एकच उरला: तीनपर्यंत गावाला लाइट येऊ द्यायची नाही. अध्यक्षानं दार उघडलं की आधी आत शिरायचं आणि मशीनची पिन उपटायची.

सबस्टेशनवरचा लाइनमन बिरजू हा दोघांचा जुना मित्र. ही मैत्री स्वप्निलनं कष्टानं जोडली होती. पुस्तिका वेळेवर निघावी म्हणून तीन महिने तो बिरजूच्या विनवण्या करत होता, दोन वेळा रोहूही पोचवला होता. बिरजूला पुस्तिका कशाची हे माहीत नव्हतं, पण ती परदेशात जाते आणि आपण खटका वर केल्यावर जाते, एवढं त्यानं बायकोला सांगितलं होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी दोघं सबस्टेशनवर पोचले. बिरजू झाडाखाली डबा खात होता.

“बिरजूभाऊ, एक काम हाये,” स्वप्निल धापा टाकत म्हणाला. “आज लाइट नको.”

बिरजूचा घास हातातच राहिला. “अठरा वर्सं झाली नोकरीले. लाइट काऊन नाई म्हणून माह्या अंगावर लोकं काठ्या घेऊन आले. ‘नको’ म्हणणारा पयला तूच. ताप हाये का अंगात?”

“फक्त तीन वाजेपर्यंत.”

“आता कुठून बाप्पा?” बिरजू हसला. “मले माहीत हाये ना आज तुमची सभा हाये. म्हटलं पोराचं काम अडू नये. साहेब जेवाले गेले, अन् मी देऊन टाकली. एकालेच. एक घंटा आगुदर!” आणि शाबासकीची वाट पाहत थांबला.

जाहिदनं स्वप्निलचा दंड धरला. “मग परत घालवा, भाऊ.”

“अन् चक्कीवरच्या बाया? दळण आर्धं राह्यलं तं तुले दळतील. अर्ज लिहून दे, सरपंचाची सही आण, मंग पाहू.”

घालवूनही उपयोग नव्हता. परत आली की मशीन परत छापणार. हीच तर जाहिदची कारागिरी होती. वाटेत जाहिदनं तसं बोलून दाखवलं, आणि त्याच्या आवाजात दुःखापेक्षा अभिमान जास्त होता.

सोसायटीच्या बंद खोलीतून प्रिंटरचा आवाज येत होता. मुळीच न थांबता. खिडकीला गज. गजांमधून दिसत होतं: कागदाची सलग पट्टी बाहेर पडत होती आणि टेबलाखाली घडीवर घडी बसत होती. खिडकीपासून फार तर सात हात.

“वाचता येते का?” जाहिदनं विचारलं.

“येते,” स्वप्निल म्हणाला. “फॉन्ट चांगला हाये.”

तेवढ्यात तळ्यावरून भागीरथाबाई आल्या. सत्तरीच्या, अजून रोज पाण्यात उतरणाऱ्या, सोसायटीच्या सगळ्यात जुन्या सभासद. त्यांच्या हातात गळ होता. स्वप्निलनं तो मागून घेतला आणि गजांतून आत टाकला. गळ प्रिंटरवर आपटला, खुर्चीत अडकला, कॅलेंडर फाडून आला.

“अबे, पोरा, हे काय करून राह्यला?” भागीरथाबाईंनी विचारलं.

“कागद काढतो, बाई.”

“भोयाचा पोरगा अन् असा गळ टाकते? मनगटानं टाक, खांद्यानं नको. इकडं दे.” बाईंनी का, कशाला, काही विचारलं नाही. समोर काहीतरी होतं आणि ते धरायचं होतं. पहिल्याच फेकीत गळ पट्टीत रुतला. “लागला! वढू नको एकदम, ढील दे... आता घे.”

कागद सरसरत खिडकीपर्यंत आला. दोन घड्या गजांबाहेर आल्यावर अडला, कारण दुसरं टोक अजून प्रिंटरमध्ये होतं आणि छापणं चालूच होतं. स्वप्निल ओढत होता, प्रिंटर सोडत नव्हता. त्या ओढाताणीत मागून आवाज आला, “काय लागलं, रे?”

गुणवंतराव आले होते. चंद्रपूरचा साहेब रजेवर होता म्हणून मिळेल ती जीप पकडून लवकर परतले होते. त्यांनी खिडकीतून लोंबणारा कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि खूश झाले. “अरे, मराठी! जाहिद, हे बेस केलं तू. आज सभेत वाचून दाखवतो.”

तीन वाजता सत्तावीस सभासद ओट्यावर बसले. गुणवंतराव कोणताही कागद कीर्तनाच्या आवाजात वाचत. वाचताना आवाज पुढं जाई आणि अर्थ मागून सावकाश येई.

“पाण्याचा पसारा!” त्यांनी सुरुवात केली. “हा आकडा अध्यक्षांनी दिला असेल, तर दोनाने भागावा! गुणवंतराव तळे सांगत नाहीत, आपला मान सांगतात! वीस एकराचे तळे त्यांच्या तोंडून निघेपर्यंत चाळीस...” इथं अर्थ येऊन पोचला. वाचन थांबलं.

केवळराम उठले. “पाहा! अध्यक्षाची बदनामी! म्हणून सांगतो, काढा तो डबा!”

“थांब,” गुणवंतराव कोरड्या आवाजात म्हणाले. “खाली तुहंही हाये.” आणि वाचलं: “पाण्याची खोली. सचिव केवळराम खोली काठावरून पाहून सांगतात. त्यांच्या आकड्याला भागाकार, गुणाकार काहीही करू नये. टाकून द्यावा.”

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग बांध फुटला. केवळराम बसले. गुणवंतराव न हसता पुढची ओळ वाचत होते: “भागीरथाबाईंचा आकडा आहे तसा घ्यावा. बाई पाण्यात उतरते.”

“मले लिवलं?” भागीरथाबाई म्हणाल्या. “आन हे सगळ्या दुनियेत गेलं?”

“एक वाजताच गेलं, बाई,” जाहिद म्हणाला, आणि स्वप्निलनं त्याचा पाय दाबला.

“मंग राहू द्या तो कॉम्प्युटर,” बाईंनी निकाल दिला. “मी आतापस्तोर ओरडून सांगत होती, कोणी आयकलं नाई. तो आयकते.”

पण सभासद अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहत होते, आणि ते तोंड अजून लाल होतं. गुणवंतरावांनी कागदाची घडी घातली. “स्वप्निल, उभा राय. किती दिवसापासून भागून राह्यला तू मले?”

“दोन हंगाम झाले, भाऊ.”

“काऊन?”

“पयल्या साली तुमच्या आकड्यानं सोडल्या होत्या. मासा वाढलाच नाई. गर्दीत बोटाएवढाच राह्यला.”

“अन् भागल्यापासून?”

“दोन-दोन किलोचा निघाला.”

गावाला ते आठवत होतं. त्या दोन किलोच्या माशासाठी गावानं गुणवंतरावांना शालही दिली होती. आता शाल परत मागायची की काय, असा प्रश्न सत्तावीस चेहऱ्यांवर दिसू लागला. तो गुणवंतरावांनाही दिसला. वीस वर्षं निवडून येणाऱ्या माणसाला चेहरे लवकर वाचता येतात, कागदापेक्षा लवकर.

“म्हणजे,” ते उभे राहत म्हणाले, “अध्यक्षाचा आकडा भागल्यानं मासा वाढला. अध्यक्षाचा! दुसऱ्या कोणाचा नाई. केवळराम, ठराव लिव. अध्यक्षांचा आकडा अध्यक्षांच्याच आदेशाने दोनाने भागण्यात यावा. अन् हे भागणं ज्या यंत्रात होते ते यंत्र त्याच खोलीत ठेवण्यात यावं.”

“अन् जाळी?” केवळरामनं बारीक आवाजात विचारलं.

“तुह्या घरी ठेव. उंदीर काठावरून मोज.”

ठराव एकमतानं पास झाला. स्वप्निलनं त्याच संध्याकाळी टीप बदलली, अध्यक्षांच्या आदेशाचा उल्लेख घातला, आणि दुसऱ्या दिवशी लाइट आल्याबरोबर ती बांगलादेशात पोचली.

पुढच्या हंगामात बोटुकल्या सोडायच्या आधी स्वप्निल फॉर्म भरायला बसला. गुणवंतराव शेजारी खुर्ची ओढून बसले.

“पाण्याचा पसारा किती लिवू, भाऊ?”

“ऐंशी एकर.”

“भाऊ, गेल्या साली चाळीस सांगत होते तुम्ही.”

“गेल्या साली मले माहीत नव्हतं,” गुणवंतराव म्हणाले, “का तू भागतो म्हणून.”

स्वप्निलनं ऐंशी लिहिले. मग कोड उघडून दोनाच्या जागी चार केले, आणि शेजारी टीप लिहिली. मराठीत, ठळक अक्षरांत, कारण ती आता सभेत वाचली जाणार होती.