खळ दिलेली वाऱ्याची पिशवी

मी एक जुनी वाऱ्याची पिशवी आहे. मित्रांनो, हसू नका. बेळगावजवळच्या एका विमानशाळेत उंच खांबावर माझी जागा होती. मी फुगून ज्या दिशेला उडे, त्यावरून शिकाऊ वैमानिकांना वारा कळे आणि ते वाऱ्याला तोंड देऊन विमान उतरवत. मला भरमूने शिवले. तो शहापूरचा विणकर. माग बंद पडल्यावर शाळेत शिपाई झाला.

चार वर्षे मी इमानाने राबले. कौतुक कुणी केले नाही.

१९४६ साली मोठे साहेब शाळा बघायला यायचे होते. भरमूने मला धुतले आणि विणकराच्या सवयीने तांदळाची खळ दिली. खळीशिवाय कापड हातावेगळे करणे त्याला कमीपणाचे वाटे. मला त्याने ओलीच खांबावर चढवले. वारा पडलेला होता. मी लोंबकळत वाळले आणि पापडासारखी कडक झाले.

"लई झ्याक दिसती की रं, भरमू!" शाळेचे प्रमुख मारुतीराव म्हणाले. जन्मातली पहिली शाबासकी मिळाली ती अशी!

दुसऱ्या सकाळी निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याचा मुलगा रायगोंडा परवान्याच्या परीक्षेला एकटाच वर गेला. इंजिन बंद करून तरंगत उतरायचे होते. चुकले तर पुन्हा वर जाणे नाही. चांगला वारा सुटला होता. तो माझ्यात शिरेना, मी हलेना. मला लोंबकळताना पाहून रायगोंडाला वाटले, वारा नाही, कुठल्याही बाजूने उतरले तरी चालेल. तो वारा पाठीवर घेऊन उतरला. विमान थांबेना. मैदान संपले आणि ते बांधावर आदळले. त्याचा उजवा पाय गेला.

चौकशीत 'शिकाऊची चूक' असे ठरले. परवानाही मिळाला नाही. मला खांबावरून उतरवताना भरमूच्या हाताला माझा कडकपणा लागला होता; चौकशीत तो रायगोंडाच्या शेजारीच उभा होता, खाली मान घालून.

तीन महिन्यांनी रायगोंडा कुबडीवर आला.

"भरमूअण्णा, खरं सांग. त्या दिशी वारं न्हवतं न्हवं?"

"न्हवतं," भरमू म्हणाला.

"मग माझंच चुकलं," म्हणत रायगोंडा परत गेला.

मित्रांनो, आता मी अडगळीत पडून आहे. कामाच्या वस्तूला दिखाव्यासाठी नटवू नका, एवढेच तुम्हाला सांगते. आणि माझ्यासारखी मुकी वस्तू खोटी ठरली, तर तुम्हाला तोंड आहे, तुम्ही तरी खरे बोला. भरमू खरे बोलला नाही. तो पोरगा अजून स्वतःलाच दोष देत असेल.