रापणीचा वाटा

माझ्या नाकावर राग असतो, हे साऱ्या वाडीला ठाऊक आहे. तरी त्या सकाळी जितेंद्र बालवाडीच्या दारात बुटांसकट उभा राहून दाखला मागू लागला, तेव्हा मी आवाज चढवला नाही.

"बाई, पाच महिने झाले. भक्तीक अजून एबीसीडी येणा नाय. नुसती खेळता," तो म्हणाला. "मालवणात नर्सरी निघाली हा, थंय घालतंय."

भक्ती त्याची चार वर्षांची मुलगी. ती गेली की शेजारची पाच पोरंही तिच्यामागून जाणार, आणि उरलेल्या पाचांवर माझी पंधरा वर्षांची बालवाडी चालणार नाही. पण आमच्या भिंतीवर एकच नियम लिहिलाय: खेळ चालू असताना मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही.

"खेळ संपांदे, मगे दाखलो देतंय," मी म्हटलं. "तवसर हयसर उभो रव."

अंगणात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायची मासेमारी, खेळात चालली होती. जुनं लुगडं म्हणजे जाळं, आतली फणसाची पानं म्हणजे बांगडे. लुगड्याच्या दोन्ही टोकांना बांधलेल्या दोऱ्या दहा पोरं बोंबलत ओढत होती. अकरावी समीक्षा पायाला पट्टी म्हणून पायरीवर बसली होती, पण दोरीचं शेवटचं टोक तिने सोडलं नव्हतं. जितेंद्र फोनवर बोलत होता.

जाळं आलं तशी भक्ती वाटे घालायला बसली. दोरीला हात लावील त्याला वाटा, ही आमच्या किनाऱ्याची रीत. एकाला एक, परत एकाला एक, असे तिने अकरा ढीग घातले आणि बारावा होडीचा. एबीसीडी न येणाऱ्या पोरीची एका पानाचीही चूक झाली नाही. सुदेशने समीक्षाचा ढीग हळूच आपल्याकडे ओढला.

"ती बसलेली हा," तो म्हणाला.

"तिना बसान ओढल्यान. ठेव थंय," भक्तीने दटावलं. सुदेशने ढीग परत सरकवला.

जितेंद्रने फोन खिशात घातला होता. तो हसत पुढे आला. "भक्ती, माझो वाटो खंय?"

तिने मान वर केली नाही. "तू दोरयेक हात लावलंस खंय?"

जितेंद्रचे कान लाल झाले. मला वाटलं, संपलं सगळं, आता हा पोरीला उचलून नेणार.

"माझो बापूस ह्याच बोलायचो," तो हळूच म्हणाला. "एकदा माकाय वाटो दिल्यान नाय." मग तो खाली वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. "परत टाका रे रापण!"

नाड्या सुटेपर्यंत पोरांनी लुगडं अर्धं ओढलंही होतं. हा गडी टाचा मातीत रोवून ओढू लागला आणि घामाने निथळला. वाटे पडले. सगळ्यांना तीन-तीन पानं, त्याला एक.

"एकच?"

"तू उशिरा इलंस," भक्ती म्हणाली.

माझा ऊर अभिमानाने भरून आला. आता खरं तर दाखला लिहायची वेळ झाली होती, म्हणून मी पेन काढलं. पण जितेंद्र पान शर्टाच्या खिशात घालून केव्हाच फाटकापाशी पोचला होता आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होता, "माझ्या चेडवान माका एकच वाटो दिल्यान!"