लाथा खाल्लेलं सरकारी माप

अहो, हसताय काय? मी माप बोलतोय, चीनच्या बादशहाचं सरकारी माप! सध्या अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या एका अपार्टमेंटमध्ये कांदे सांभाळतो, ते सोडा.

शेतकरी साऱ्याचे तांदूळ घेऊन यायचे. कारकून मला शीग लावून भरायला लावायचा आणि मग फाडकन लाथ मारायचा. सांडलं ते कारकुनाचं, शेतकऱ्याने पुन्हा भरायचं. आणि मला वाटायचं, मी म्हणजेच दरबार! लाथा खाऊन वर फुगणारा असा गाढव दुसरा झाला नसेल. शेतकरी रडायचे ते दिसत होतं मला. त्याची लाज अजून वाटते.

२००६ साली प्रतिमाने मला एका गराज सेलमधून उचललं. मुलगी नागपूरची, पीएचडी नेमकी याच साऱ्यावर. प्रोफेसर म्हणाले होते, एका लाथेत किती सांडायचं ते सोमवारपर्यंत करून दाखव, नाहीतर ते प्रकरण थीसिसमधून काढ. दोन वर्षांची मेहनत होती ती. तिने मला काठोकाठ भरलं, वर शीग लावली, पाय उचलला आणि परत खाली ठेवला.

"अन्नाला पाय कसा लावू यार?" म्हणत ती रडकुंडीला आली. तीनदा हेच! आमच्या कारकुनाला असलं काही कधी सुचलं नव्हतं.

शनिवारी तिचा भाऊ संग्राम देवळात लग्न लावून यामिनीला घरी घेऊन आला. उंबरठ्यावर ठेवायला शरयूताई, म्हणजे प्रतिमाची आई, माप शोधत होत्या. प्रतिमाचे डोळेच चमकले. नव्या सुनेने माप लवंडायला तर कोणाचीच ना नसते! तिने मलाच शिगोशीग भरून पुढे केलं.

"वहिनी, जोरात हं!"

"अगं, हळूच लोटायचं असतं," शरयूताई म्हणेपर्यंत यामिनीने लाथ घातली. तांदूळ पार सोफ्याखाली! प्रतिमा कप घेऊन जमिनीवर बसली. "नऊ कप! वहिनी, अजून दोनदा, ॲव्हरेज काढायचंय."

"प्रतिमा! सून आहे ती, कारकून नाही!"

यामिनीने हसत शालू वर खोचला आणि आणखी दोन लाथा घातल्या.

मी मात्र सवयीने घाबरलो. आता कोण रडत पुन्हा भरणार? शरयूताई खाली वाकल्या आणि दाणा न् दाणा गोळा करत म्हणाल्या, "घरातच सांडलंय, कुठे गेलंय?" त्याच तांदळाचा मसालेभात झाला. सगळे पोटभर जेवले.

सोमवारी प्रतिमाचं प्रकरण पास झालं. मला म्युझियममध्ये द्यायचं म्हणतात. नका देऊ हो! पुढची सून येईल तेव्हा कांदे काढा आणि मला शीग लावून भरा. लाथेची मला सवय आहे. नंतर कोणी रडणार नसलं म्हणजे झालं.