चंदरचा डावा हात

“मानूस बेशुद, मंग त्याचा हात जबाब कसा देल, काका?” शकूने मला पुन्हा विचारले.

नवी मुंबईच्या एका इस्पितळात, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर आम्ही तिघे होतो. आत तिचा नवरा चंदर, थळच्या एका मासेमारी बोटीचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा म्होरक्या. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दबल्याने त्याचे पाय अडखळू लागले होते. शेजारी त्याचा धाकटा भाऊ विनेश, त्याच बोटीवरचा. आणि मी, गावच्या वाचनालयात जन्म काढलेला, म्हणून यांच्या लेखी सगळे समजणारा.

मी सांगितले, की डोक्याला आणि हातापायांना सुया लावतात, बारीक वीज सोडतात आणि ती पोचते का ते यंत्रावर पाहत राहतात. पोचेनाशी झाली, की सर्जन थांबतो. बोलता बोलता माझाच गोंधळ झाला. वीज डोक्याकडून खाली जाते, की पायाकडून वर? वाचले तेव्हा दोन्ही होते.

“बोटीवरचा वायरलेस समज, वहिनी,” विनेश म्हणाला. हे माझ्यापेक्षा बरे होते.

थोड्या वेळाने त्या यंत्रापाशी बसणाऱ्या डॉक्टर तेजस्वी बाहेर आल्या. अजून कापलेले नाही, म्हणाल्या. पण डाव्या हाताच्या करंगळीकडून काहीच येत नाही. सुया, तारा सगळे तपासून झाले. घशात नळी घालताना मानेत काही दबले असेल, तर ऑपरेशन न करता त्याला उठवावे लागेल. दुखणे जुने असेल, तर पुढे जाता येईल. चंदरने मात्र पूर्वी काही लागलेले नाही असेच सांगितले होते.

“मावशी, त्या हाताला कधी काही झालं होतं का?”

शकूने माझ्याकडे पाहिले. मी विनेशकडे.

“दादाला कायपन झाला न्हाय,” तो म्हणाला. “रोज सुकाणू त्याच्याच हातात आसतो.”

मला वाटले, प्रश्न सुटला. मग शकूचे ओठ का हलत होते, ते कळेना.

“विनेश, जा, काकांना चा आन,” ती म्हणाली. तो उठला नाही.

तेव्हा ती फरशीकडे बघत बोलली. “जाळा वढायच्या विंचच्या दोरात आवळला व्हता. लय वरसं झाली. दोन बोटं मेल्यासारखी हायत. सदऱ्याची बटनं मीच लावते. विनेशला नि खलाशांना कळला तर सुकाणू काढून घेतील, म्हनून कुनाला बोलला न्हाय. डॉक्टरकडं दर बारीला विनेश संगती व्हता.”

“नक्की?” डॉक्टरांनी विचारले.

“नवऱ्याचा हात हाय, बाय.”

डॉक्टर आत गेल्या, दार मिटले. आता विनेश चहा आणायला उठला. शकूने मला हळूच विचारले, बरा केला का वायट? मला ठाऊक नव्हते. मी तसेच सांगितले.

संध्याकाळी, ऑपरेशन आटोपल्यावर, चंदर शुद्धीवर आला. गळ्याला पट्टा होता. तेजस्वींनी सांगितल्यावर त्याने पायाची बोटे हलवली, उजव्या हाताने त्यांचा हात दाबला. मग त्यांनी डाव्या हातासाठी हात पुढे केला. चंदरची नजर पायाशी उभ्या विनेशवर गेली. बाहेर शकू काय बोलली, हे त्याला अजून कुणी सांगितले नव्हते.

“तो ऱ्हाऊ दे, बाय,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “तो जुना हाय.”

शकू तो हात चादरीखाली घेऊ लागली. त्याने तो वरच ठेवला, सगळ्यांसमोर.